पिपरटोल्याचा थांबा

चालू वर्षाच्या माघ महिन्यातील दुसऱ्या मंगळवारी, दिवस कलल्यावर, मध्य प्रदेशातील बालाघाट येथील बस स्थानकावर, बैहर रस्त्याच्या गाड्या जिथे उभ्या राहतात त्या बाजूच्या एका खोलीत, बसमालक दादाजी यांच्यासमोर एका ड्रायव्हरच्या वर्तनाचा निवाडा करण्यासाठी काही मंडळी जमली. खोली एवढीशी आणि माणसे पुष्कळ, तेव्हा निम्मी मंडळी दारात आणि उरलेली पायरीवर उभी होती. ड्रायव्हरचे नाव खेमराज. त्याच्यावरचा आरोप असा की, बैहरहून उकव्यावरून बालाघाटला येणारी सकाळची गाडी तो पिपरटोल्याच्या फाट्यावर विनाकारण उभी करून ठेवतो आणि त्यामुळे नोकरदारांना कचेरीत पोहोचण्यास उशीर होतो. गाडी उभी राहत होती, हे खरे. उशीर होत होता, हेही खरे. कारण नव्हते, हे मात्र धादांत खोटे होते, आणि ते खोटे आहे हे त्या खोलीतल्या एकूण एक माणसाला ठाऊक होते.

कारण सांगायचे तर त्या गाडीची रीत आधी सांगितली पाहिजे.

उकवा आणि आजूबाजूच्या गावांतून रोज बालाघाटला जाऊन-येऊन नोकरी करणारे पुष्कळ आहेत. त्यांना इकडे 'अप-डाउनवाले' म्हणतात. अशा माणसाची बस ही त्याची दुसरी आळी असते. कोण कोणत्या खिडकीशी बसतो, कोणाचा डबा कोणाच्या मांडीवर असतो, कोणाच्या घरी लग्न निघाले आहे आणि कोणाचे मोडले आहे, हे सारे गाडीत ठाऊक असते. कंडक्टर हिरालाल याला तिकिटे मोजावी लागत नसत. चेहरे मोजले की झाले. एखादा नेहमीचा चेहरा त्याच्या कोपऱ्यावर दिसला नाही, तर खेमराज दोन लांब हॉर्न देई आणि वाट पाही. मग कोणी बुटाची नाडी न बांधताच धावत येई, कोणाची बायको डबा घेऊन मागून पळत येई, आणि गाडीतले लोक टाळ्या वाजवून त्यांचे स्वागत करीत. या थांबण्यावर कोणी कधी हरकत घेतली नाही. हरकत घेणार कोण? आज ज्याच्यासाठी गाडी थांबली, तो काल दुसऱ्यासाठी थांबलेल्या गाडीत हसत बसलेला होता.

पिपरटोल्याचा फाटा उकवा सोडल्यावर, घाट लागण्यापूर्वी येतो. रस्त्यापासून टोला, म्हणजे वाडी, आत आहे. मधे धानाच्या बांध्या आणि त्यांच्यातून जाणारा अरुंद धुरा, म्हणजे शेतांमधली बांधाची पायवाट. त्या टोल्यावर नूतन नावाची बाई राहते. तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली आहेत. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, तिला बालाघाटच्या रुग्णालयात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. सकाळच्या पाळीतले एक यंत्र तिच्या वाट्याला आहे. पाळी चुकली की ते यंत्र नियमाप्रमाणे रांगेतल्या पुढच्या रोग्याला मिळते, आणि तसे ते मिळालेच पाहिजे. तो रोगीही नूतनइतकाच यंत्रावर जगत असतो.

तिचा नवरा प्रेमलाल उकव्याच्या मँगनीज खाणीत ठेकेदाराकडे रात्रपाळीला जातो. पहाटे तो परतला की घरातले लहान मूल त्याच्या स्वाधीन करायचे आणि मग निघायचे, असा तिचा क्रम. निरोगी माणूस तो धुरा बोलता-बोलता पार करील. नूतनला मधे पुन्हा पुन्हा बसावे लागे. पाय सुजलेले, छाती भरून आलेली. ज्या हाताला सुया टोचतात त्या हाताने ओझे उचलायचे नाही आणि गाडीचा दांडाही धरायचा नाही, अशी तिला ताकीद आहे. म्हणून दारामागची पहिली जागा हिरालाल आपली पिशवी ठेवून तिच्यासाठी अडवून धरी, आणि ती धुऱ्यावर दिसली की खेमराज इंजिन बंद करून थांबे. कधी पाच मिनिटे, कधी दहा.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी बसमालकालाही ठाऊक नव्हती. या रस्त्यावर खाजगी गाड्यांना वेळा वाटून दिलेल्या आहेत, आणि मागची गाडी पुढे निघाली की वाटेवरचे प्रवासी तिचे होतात. त्यामुळे पुढची गाडी रेंगाळली की मागची हॉर्न वाजवीत तिला ओलांडून जाते, स्थानकावर शिवीगाळ होते, क्वचित गचांडीही धरली जाते. खेमराजच्या मागची गाडी दुसऱ्या मालकाची आणि तिचा ड्रायव्हर शालिकराम. हे दोघे बालाघाटच्या स्थानकावर चहासुद्धा एका टपरीवर घेत नसत. असे असता, मंगळवारी आणि शुक्रवारी शालिकरामची गाडी उकव्याच्या पुढे विलक्षण मंद चाले. त्याला कोणी सांगितले नव्हते. एकदा त्याने त्या बाईला धुऱ्यावर बसलेली पाहिले, पुढच्या गाडीला उभी पाहिले, आणि काय ते ओळखले. खेमराजने आरशात मागची गाडी मंदावलेली पाहिली आणि तोही काय ते समजला. दोघांत या विषयावर एक अक्षरही झाले नाही.

असे वर्षभर चालले होते. मग राजेंद्रबाबूंच्या कचेरीत अंगठा लावून हजेरी घेणारे यंत्र बसले.

राजेंद्र हा बालाघाटच्या एका शासकीय कचेरीतला लिपिक, राहणारा उकव्याचा. दोनदा उशीर झाला म्हणून त्याची रजा कापली गेली, साहेब चार लोकांसमोर बोलले. त्याचा त्रास खोटा नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण त्रास झाला म्हणून माणूस काय करतो, यावरून त्याची पारख होते. राजेंद्रने शासकीय हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदविली. तीत त्याने नूतनचे नाव घेतले नाही; गाडी एका फाट्यावर विनाकारण उभी राहते, एवढेच सांगितले. ज्याने आठवड्यातून दोनदा आपल्या डोळ्यांनी कारण धुऱ्यावरून चालत येताना पाहिले, त्याने 'विनाकारण' म्हणावे, याला विस्मृती म्हणत नाहीत. तो बाईचे नाव घेण्याइतका निर्लज्ज नव्हता आणि गप्प बसण्याइतका भला नव्हता.

या हेल्पलाइनचा एक नियम आहे. तक्रार करणारा जोपर्यंत आपल्या तोंडाने 'संतुष्ट' म्हणत नाही, तोपर्यंत तक्रार बंद होत नाही आणि वरून खाली, खालून आणखी खाली फोन होत राहतात. ते फोन उतरत उतरत दादाजींपर्यंत आले. दादाजी वाईट माणूस नाही. पण परवाना नावावर असलेला माणूस शासकीय फोनला जितका भितो तितका यमालाही भीत नाही. त्यांनी गाडीत यंत्र बसविलेले होते. गाडी कुठे आहे, चालते की उभी आहे, हे त्यांना मोबाईलवर दिसे. त्यांनी खेमराजला बजावले की, फाट्यावर प्रवासी चढण्याउतरण्यापुरते थांबायचे, त्याहून अधिक नाही. नाहीतर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती देईन.

त्यानंतरच्या शुक्रवारी गाडी पिपरटोल्याला आली. फाट्यावर कोणी नव्हते. नूतन धुऱ्याच्या मध्यावर होती, डोक्यावर शाल, एका हातात रुग्णालयाची पिशवी.

"खेमराजभाऊ," हिरालाल दारातून म्हणाला, "वयनी येऊन राह्यली. ते पाहा."

"दिसली मले."

"मंग?"

खेमराजने ब्रेक दाबला. गाडी उभी राहिली. इंजिन मात्र त्याने चालूच ठेवले. थोड्याच वेळात हिरालालचा फोन वाजला. दादाजींचा आवाज एवढा मोठा की पहिल्या तीन रांगांना तो ऐकू गेला.

"गाडी काहून उभी हाये रे?"

"सेठ, ते नूतनवयनी... धुऱ्यावर हाये. आलीच समजा."

"मले नको सांगू. शिकायत माही नाही, सवाऱ्यायची हाये. विचार त्यायले! सवाऱ्या म्हनत असतीन थांबा, तर थांबा बापा. विचार आत्ताच, मी ऐकून राह्यलो."

हिरालालने फोन हातात धरला आणि गाडीकडे तोंड केले. तो कधी नव्हे तो गंभीर झाला होता.

"सेठ विचारून राह्यले. थांबू का? बोला."

गाडीत बसायला जागा नव्हती, इतकी माणसे होती. शिक्षक होते, कारकून होते, एक वकील, दोन दुकानदार, मुलांना शिकवणीला नेणाऱ्या आया. ट्रेझरीत नोकरी करणाऱ्या मंजूताई होत्या, ज्या दर खेपेला नूतनला आपल्या डब्यातली बिनमिठाची भाजी आग्रहाने देत असत. कोणी मोबाईल काढला. कोणी खिडकीची काच सरकवून पाहिली. ती आधीच बंद होती. मंजूताईंनी शाल अंगाभोवती घट्ट केली. राजेंद्रने घड्याळ पाहिले. 'थांबा' हा शब्द उच्चारायला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही, अंगात बळही लागत नाही. तो एकाने उच्चारला असता तरी पुरे होते. इतक्या तोंडांतून तो एकाही तोंडी आला नाही.

"नाई बोलत कोनी, सेठ," हिरालाल फोनमध्ये म्हणाला.

"मंग चाल म्हन त्याले."

खेमराजने आरशात एकदा सबंध गाडी पाहिली. मग गियर टाकला. नूतनने हात वर केला होता. तो चांगला हात होता, सुयांचा नव्हे. एवढे भान तिला त्या घाईतही राहिले. गाडी तिच्या समोरून गेली तेव्हा ती रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होती. खिडक्यांतले चेहरे तिला दिसले आणि तिचा चेहरा खिडक्यांना दिसला.

मागून शालिकराम आला. पुढची गाडी निघून गेली आहे आणि बाई रस्त्याच्या कडेला दगडावर वाकून बसली आहे, हे पाहून त्याने गाडी थांबविली, स्वतः खाली उतरला आणि तिला हाताला धरून चढविले. त्याची गाडी खचाखच भरलेली; पण एका म्हाताऱ्याने न सांगता जागा दिली. शालिकरामने सबंध घाटभर खेमराजला शिव्या दिल्या. त्या इतक्या मोठ्याने दिल्या की, नूतनने शेवटी त्यालाच सांगितले, "भाऊ, त्याचा कसूर नाई. समोर पाहून चालवा."

तरीही ती उशिरा पोहोचली. यंत्र दुसऱ्याला लागले होते. दिवसभर ती बाकावर बसून राहिली. संध्याकाळी एका रोग्याचे लवकर आटोपले तेव्हा तिला जेमतेम अर्धा वेळ मिळाला. त्या अर्ध्या उपचारावर ती शनिवार, रविवार, सोमवार जगली. तीन दिवस तिला आडवे झाले की धाप लागे, म्हणून ती भिंतीला टेकून बसून झोपली. डॉक्टरांनी प्रेमलालला सांगितले की, असे आणखी एकदा झाले तर घरून निघण्याची वेळ येणार नाही. हे मी शोभेसाठी लिहीत नाही. ती गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी थांबते की नाही, यावर एका बाईचे जगणे अवलंबून होते. बाकी सगळ्यांचे फक्त वेळापत्रक त्यावर अवलंबून होते.

शनिवारी सकाळी शालिकरामने उकव्याच्या थांब्यावर ही सारी हकीकत सांगितली. तो ती सांगत नव्हता, लोकांच्या तोंडावर मारीत होता. ती ऐकून अप-डाउनवाल्यांत मोठा संताप उसळला. संताप राजेंद्रवर. त्याच्या शेजारी कोणी बसेना. त्याचा डबा कोणी मांडीवर घेईना. सोमवारी कोणीतरी त्याच्या जागेवर ओला गमछा वाळत घातला आणि तो उचलायला कोणी पुढे आले नाही. बिचारा उकव्यापासून बालाघाटपर्यंत उभा राहिला. आणि मंगळवारी, संध्याकाळची परतीची गाडी सुटण्यापूर्वी सगळ्यांनी मिळून दादाजींकडे जायचे, राजेंद्रला तिथे उभा करायचा आणि तक्रार मागे घ्यायला लावायची, असे मंजूताईंच्या पुढाकाराने ठरले.

मंगळवारी सकाळी नूतन शेजारणीकडे मूल ठेवून अंधारातच निघाली होती. गाडी आली तेव्हा ती फाट्यावर कुडकुडत बसलेली होती, त्यामुळे थांबण्याचा प्रश्नच आला नाही. गाडीत तिला एकाच वेळी सात जणांनी जागा दिली. मंजूताईंनी आपली शाल तिच्या खांद्यावर टाकली. नूतन "राहू द्या" एवढेच म्हणाली आणि हिरालालच्या पिशवीच्या जागी बसली. संध्याकाळी उपचार आटोपून ती स्थानकावर आली तेव्हा दादाजींच्या खोलीतला गलका रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

"राजेंद्रबाबू, लाज नाई वाटत तुमाले?" मंजूताईंचा आवाज सर्वांच्या वर होता. "तुमच्या पोरीचं परीक्षेचं प्रवेशपत्र घरी राह्यलं होतं, तवा याच खेमराजनं घाटातून गाडी परत फिरवली. भरली गाडी! कोनी चूं केलं काय?"

"त्या वेळेस अंगठ्याची मशीन नव्हती, मॅडम," राजेंद्र म्हणाला.

खोलीत हशा पिकला, पण तो चांगला हशा नव्हता.

"ऐका भाऊ! मानुसकीले बी मशीन लागली आता."

"हसू नका," राजेंद्र चिडून म्हणाला. "मी बाईच्या विरोधात नाही. मी वेळेच्या बाजूनं आहे. माझी रजा कापली, ती तुमच्यापैकी कोणी भरून दिली? साहेब मला ओरडले तेव्हा कोणी आलं होतं सांगायला, की साहेब, याची चूक नाही, गाडी एका आजारी बाईसाठी थांबते? नियम म्हणजे नियम. तिनं लवकर निघावं."

"आज निघाली ना लवकर," दारातून शालिकराम म्हणाला. तो परक्या मालकाच्या खोलीत पाय ठेवीत नव्हता. उंबऱ्याबाहेर उभा होता. "अंधारात. धुऱ्यावर रानडुक्कर फिरतेत. तुमी निघा एकदा, बाबू. मी हॉर्न मारतो मांगून."

दादाजींनी त्याच्याकडे संशयाने पाहिले. "तू काहून आला इथं? तुह्या मालकाले मजा येत असन, माही गाडी लेट झाली का."

"त्याले कायची मजा?" हिरालाल बोलून गेला. "सेठ, वरीस झालं, मंगळवार-शुक्रवार हा मानूस घाटाच्या वर गाडी रांगवते. म्हनून तुमच्या सवाऱ्या तुमच्यापाशी राह्यल्या. नाईतर कवाच ओलांडून गेला असता."

दादाजी थक्क झाले. आपल्या धंद्याचे रक्षण वर्षभर प्रतिस्पर्ध्याच्या ड्रायव्हरने केले, ही गोष्ट पचवायला त्यांना वेळ लागला.

"खरं हाये का रे, शालिकराम?"

"तुमच्यासाठी नाई केलं, सेठ. तुमची गाडी तं डोळ्यात खुपते माह्या." त्याने खेमराजकडे मान वळविली. "आन् हा तं त्याहून जास्ती."

खेमराज आतापर्यंत भिंतीशी उभा होता. तो पुढे आला आणि गाडीची किल्ली त्याने दादाजींच्या टेबलावर ठेवली.

"सेठ, शुक्रवारी तुमचं ऐकलं. आता नाई ऐकत. मंगळवारी आन् शुक्रवारी मी पिपरटोल्याले थांबीन, ती गाडीत बसेपर्यंत. पटत असन तं चाबी उचलून द्या. नाई तं राहू द्या तिथंच."

बाहेर परतीची गाडी भरत आली होती. उकव्याकडे जाणारी ती दिवसातली शेवटची गाडी. तो घाट संध्याकाळी गाडी घेऊन चढणारा दुसरा माणूस दादाजींकडे नव्हता, हे खोलीतल्या सर्वांना माहीत होते. राजेंद्रलाही होते. त्याचे घर घाटापलीकडे होते.

दादाजींनी कपाळ पुसले. "मले काय, मी उचलून देतो. पन हे वरचे फोन? रोज विचारतेत, शिकायतकर्ता संतुष्ट झाला का. जोवर हे बाबू 'संतुष्ट' म्हनत नाई, तोवर माह्या परवान्यावर तलवार लटकून हाये. म्हना ना हो, बाबू!"

"म्हना!" दहा जण एकदम म्हणाले.

"सगळे मिळून दबाव आणता?" राजेंद्रचा आवाज चढला. "आणि मी एकटा होतो का? मंजू मॅडम, तुम्हीच म्हणाल्या होत्या, रोजची कटकट आहे, कोणीतरी काहीतरी केलं पाहिजे. वकीलसाहेब, नंबर तुम्ही दिला होता मला. तिवारी सर म्हणाले, कर रे कर, नाव कोणाचं येत नाही. आता सगळे देव झाले, मी एकटा राक्षस!"

वकिलांना अचानक बाहेर कोणीतरी ओळखीचे दिसले. आरोप करणारी सारी मंडळी आरोपीच्या एका वाक्याने आपापल्या चपलांकडे पाहू लागली.

एवढ्यात पायरीवरच्या लोकांनी वाट करून दिली आणि नूतन आत आली. उपचारानंतर तिचा चेहरा नेहमी उतरलेला असे. सुयांच्या जागी बांधलेला कापूस ती दुसऱ्या हाताने दाबून होती. दादाजींनी आपली खुर्ची तिला दिली. ती बसली.

"बाई," दादाजी म्हणाले, "काळजी नको करू. गाडी थांबन. मी म्हनतो. फक्त या बाबूचं तोंड उघडलं पाहिजे."

नूतनने राजेंद्रकडे पाहिले. राजेंद्रने तिच्याकडे पाहण्याचे टाळले. मग फोन काढला आणि नंबर लावला. हेल्पलाइनवर आधी ध्वनिमुद्रित संगीत लागले. मग एक दाबा, मग दोन दाबा, मग पुन्हा संगीत. खोलीतली माणसे ते संगीत ऐकत उभी राहिली. बाहेर गाडीतले प्रवासी ओरडू लागले, "अरे काहून नाई निघून राह्यली?" आणि हिरालालने दारातूनच उत्तर दिले, "राजेंद्रबाबूसाठी थांबली हाये!" यावर राजेंद्रच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

शेवटी पलीकडून एका मुलीचा आवाज आला. तिने तक्रारीचा क्रमांक विचारला, तक्रार वाचून दाखविली आणि म्हणाली, "क्या आप की गई कार्रवाई से संतुष्ट हैं?"

राजेंद्रने एकदा खोलीभर नजर फिरविली. "जी," तो म्हणाला. "बस वहाँ कारण से रुकती है. एक मरीज़ के लिए. शिकायत गलत थी. बंद कर दीजिए."

"मतलब आप संतुष्ट हैं?"

"हौ... जी. संतुष्ट."

दादाजींनी किल्ली उचलून खेमराजच्या हातात दिली. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. कोणी टाळी वाजविली. एकाने राजेंद्रच्या पाठीवर थाप मारून "झालं गेलं जाऊ द्या, बाबू" असे म्हटले. त्याच गृहस्थाने सोमवारी त्याच्या जागेवर गमछा वाळत घातला होता. वातावरण एकाएकी लग्नघरासारखे झाले. आपण सर्वांनी मिळून एक सत्कृत्य पार पाडले, अशी प्रसन्नता प्रत्येकाच्या मुखावर पसरली, आणि खरे सांगायचे तर शुक्रवारच्या मौनापेक्षाही मला ही प्रसन्नता अधिक असह्य वाटते. ज्यांनी एका मरणाच्या वाटेवरच्या बाईला रस्त्यात सोडले, ते चार दिवसांनी तिच्याच नावाने स्वतःचे अभिनंदन करून घेत होते.

मंजूताई नूतनजवळ गेल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून गहिवरल्या स्वरात म्हणाल्या, "झालं बाई तुझं काम. आम्ही सगळे तुह्या पाठीशी आहो. आता मनात काही ठेवू नको. नाई ना राग?"

नूतनने खांद्यावरचा हात खाली केला. उठायला तिला वेळ लागला. खेमराज पुढे झाला, पण तिने मानेनेच त्याला नको म्हटले. उभी राहून तिने दारातल्या, पायरीवरच्या, खोलीतल्या माणसांकडे पाहिले. ती प्रत्येकाला नावाने ओळखत होती.

"खेमराजभाऊच्या पोटावर पाय होता," ती म्हणाली. "त्याच्यावर राग नाई. या बाबूनं शिकायत केली, आता तोंडानं कबूल बी केली. त्याचा हिशोब त्याच्यापाशी. पन हिरालालनं तुमाले विचारलं होतं. थांबू का म्हनून."

वकील दाराकडे सरकले.

"मी धुऱ्यावरून पाहात होती. काचा साफ होत्या."

"अवं, तवा घाईत..." मागून कोणी सुरुवात केली.

"मले राग हाये," नूतन म्हणाली. "तुमी साऱ्यायनं चूक केली."